खोळ न काढलेला पिंजरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या प्रांतिक शब्दकोश मंडळाच्या प्रमुख सेन्योरा कोन्सोलासिओन, माद्रिदहून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे प्रोफेसर ओर्दोन्येस, व्यासपीठावरील मान्यवर, फ्वेंतेलोबा गावाहून खास बस करून आलेली मंडळी, कोशातले माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे डॉन कासिमिरो कारास्कोसा, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सुरुवातीलाच संयोजकांची माफी मागते. त्यांनी माईक डॉन कासिमिरोंच्या डाव्या हाताला लावला होता, तो मी उजवीकडे आणायला लावला. तार पुरेना, म्हणून फुलांचं टेबलही सरकवावं लागलं. पण आमच्या कचेरीत बावीस वर्षं ही शिस्त आहे, बोलायचं ते त्यांच्या उजव्या बाजूने. डावा कान त्यांना नाही. म्हणजे दिसायला आहे, कामाला नाही. का नाही, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. त्याच्याकडे मी येणार आहे.

काल मला म्हणाले, "आसुन, उद्या माझे गोडवे गायला लागलीस तर मी उठून चालू लागेन. बोलायचंच असेल तर शब्दाबद्दल बोल."

"कोणत्या शब्दाबद्दल?"

"तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. आज ज्या पहिल्या खंडाचं प्रकाशन झालं तो अकरा वर्षं एका शब्दापायी अडून बसला होता, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. सरकारी चौकश्या झाल्या, वर्तमानपत्रात आमची टर उडवली गेली, एका मंत्रिमहोदयांनी विचारलं की तुम्ही शब्द गोळा करता की पिकवता. तो शब्द म्हणजे 'आद्रेदेमेंते'.

अर्थ साधा आहे. मुद्दाम, जाणूनबुजून. आपण रोजच्या बोलण्यात नुसतं 'आद्रेदे' म्हणतो आणि तेवढ्याने भागतं. पूर्वी कधीतरी कोणाचं तरी तेवढ्याने भागलं नाही आणि त्याने त्या शब्दाला मागून आणखी एक शेपूट जोडलं. तो लांब शब्द मोठमोठ्या कोशांनी केव्हाच मेलेला ठरवला. मेलेल्या शब्दापुढे आम्ही लोक एक छोटा क्रूस छापतो. प्रोफेसरसाहेब, तुमच्या कोशातही छापलाय, मी कालच बघून आले.

आमच्यापुढे प्रश्न एवढाच होता की क्रूस छापायचा की नाही. छापला तर एक म्हातारी कायमची खोटी ठरणार होती. नाही छापला, तर ज्या माणसाने डॉन कासिमिरोंना लहानाचं मोठं केलं त्याच्या नावावर खून लागणार होता. दोन्ही माणसं त्यांच्याच घरातली. आता सांगा, अकरा वर्षं जास्त झाली का?

पण मी फार पुढे गेले. शब्दाचं मूळ आधी सांगायला हवं, नाहीतर माद्रिदची मंडळी म्हणतील की या प्रांतातल्या बायकांना शास्त्र कळत नाही.

'आद्रेदे' कुठून आला यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी म्हणतात शेजारच्या कातालान लोकांकडून आला, कोणी म्हणतात जुन्या गॉथ टोळ्यांनी आणला. एका भाषापरिषदेत या प्रश्नावरून दोन वृद्ध प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर हातातल्या काठ्या घेऊन धावलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एकाचा चष्मा फुटला, भुवईत तीन टाके पडले. डॉन कासिमिरो माझ्या कानाशी म्हणाले होते, "बघ, हा शब्द जिथे जातो तिथे रक्त काढतो."

मला तेव्हा तो विनोद वाटला. मग मी त्यांच्या खणातल्या चिठ्ठ्या वाचल्या.

आमची कामाची पद्धत अशी की एक शब्द, एक दाखला, एक चिठ्ठी. आद्रेदेमेंतेच्या चिठ्ठ्या एकतीस होत्या. पहिली हाती घेतली. एका विणकराने दुसऱ्याचा डोळा धोट्याच्या टोकाने काढला, आद्रेदेमेंते. दुसरी. एका मठात धान्यकोठीच्या किल्लीवरून भांडण होऊन एका जोगिणीने तीच लोखंडी किल्ली थोरलीच्या कपाळात घातली, आद्रेदेमेंते. तिसरीत पाणचक्कीवाल्याने भागीदाराला चाकाखाली ढकललं होतं, आणि लिहिणाऱ्या कारकुनाने चाक किती वेळ लाल पाणी उडवत होतं तेही नोंदवून ठेवलं होतं. बाकीच्या अठ्ठावीस मी तुम्हाला सांगत नाही, बाहेर जेवणाची पानं मांडली आहेत. एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्यांत कोणीही कोणाला आद्रेदेमेंते फूल दिलेलं नाही.

सगळ्यांत जुनी चिठ्ठी पाचशे वर्षांपूर्वीची, मेंढपाळांच्या नियमांची. जो दुसऱ्याच्या खेचराच्या मागच्या पायांच्या शिरा आद्रेदेमेंते कापील, त्याचा उजवा अंगठा गावच्या पंचांसमोर कापावा. खेचर चुकून जायबंदी झालं तर नुसती भरपाई, अंगठा शाबूत. म्हणजे सगळा फरक त्या एका शब्दाचा. मनात काय होतं, यावर अंगठा राहणार की जाणार हे ठरायचं. आणि हे नियम ज्या गावचे, ते गाव फ्वेंतेलोबा. डॉन कासिमिरोंचं गाव.

शब्दाचा मागोवा घेत मागे गेलं की तो फ्वेंतेलोबात पोहोचतो, हे सिद्ध करायला त्यांना वीस वर्षं लागली. पण तो तिथे अजून जिवंत आहे, हे सिद्ध कसं करायचं? आमचा नियम कडक आहे, आणि तो त्यांनीच केलेला. गेल्या शंभर वर्षांतले दोन दाखले हवेत. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी घरं. नाव, गाव, तारीख. नाहीतर क्रूस.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं जिल्हा न्यायालयाच्या तळघरात जुनी बाडं चाळत होतो. मी वाचायची, ते ऐकायचे, अर्थात उजव्या कानाने. एक पातळ बाड हाती आलं. फ्वेंतेलोबा, फेब्रुवारी १९४८. बाल्तासार कारास्कोसा याचा मृत्यू.

मी थांबले. म्हटलं, "डॉन कासिमिरो, आडनाव..."

"माझे वडील. पुढे वाच."

"नको, आपण दुसरं..."

"आसुन, तुला पगार कशाचा मिळतो? वाच."

मी वाचलं. इथल्या शिकाऱ्यांना सांगायची गरज नाही, पण पाहुण्यांसाठी दोन वाक्यं. आमच्याकडे तितराची शिकार पिंजऱ्यातल्या तितराने करतात. हिवाळा सरता सरता नर भांडखोर होतात, तेव्हा आपला पाळीव नर पिंजऱ्यात घालून दगडावर ठेवायचा, आपण बारा-पंधरा पावलांवर दगडी लपणात बसायचं, बंदुकीची नळी भोकातून बाहेर. पाळीव साद घालतो, रानातला चवताळून भांडायला येतो, आणि मरतो. घरापासून लपणापर्यंत पिंजऱ्यावर कापडाची खोळ असते. खोळ काढल्याशिवाय तितर तोंड उघडत नाही.

त्या सकाळी लपणात होते ओनोरियो कारास्कोसा, बाल्तासारचे धाकटे भाऊ, डॉन कासिमिरोंना पुढे वाढवणारे काका. जबानीत त्यांनी सांगितलं की झुडूप हललं, तितर आला असं वाटलं, चाप ओढला. झुडपामागून थोरला भाऊ द्राक्षमळ्याकडे चालला होता. बारा पावलांवरून छर्रे पसरत नाहीत, एक मूठ होऊन लागतात. डॉक्टरांनी लिहिलं होतं की गळ्याचा पुढचा भाग सापडला नाही. कोटाच्या गुंड्या मागच्या बदामाच्या खोडात रुतल्या होत्या. कारकून मोठा मेहनती होता, त्याने गुंड्याही मोजल्या.

मग एक जबानी होती बाईची. तोमासा, वय एकसष्ट, मृताची आई. म्हणजे मारणाऱ्याचीही आई. एवढीशी जबानी: "त्याने आद्रेदेमेंते मारलं. पिंजरा बघा."

खाली कारकुनाचा शेरा होता. म्हातारी शोकाने भ्रमिष्ट झाली आहे, पिंजरा पिंजरा करते.

न्यायाधीश शहरातले होते. पोलीस शिपाई समुद्राकाठचा, त्याला मासे कळत असतील. अपघात ठरला, ओनोरियो सुटले. गावाने काय करावं? गावाला धाकटा भाऊ आवडायचा. थोरला कोणालाच आवडत नव्हता, ते मी सांगणारच आहे. तेव्हा गावाने म्हातारीला धरलं. पोटच्या पोराला फासावर द्यायला निघालेली बाई म्हणून तिच्या दाराला मेलेला तितर टांगला. पाण्याला गेली की मागून दगड. एकदा दगडाने तिचे पुढचे दात पडले. नऊ वर्षं ती गावाच्या टोकाला एकटी राहिली, एकटी मेली, आणि आजही फ्वेंतेलोबात कोणी खोटं बोललं की म्हणतात, "काय तोमासा, पिंजरा बघू का?" बसने आलेली मंडळी खाली का बघायला लागली? म्हणता की नाही? मीच ऐकलंय, चौकातल्या खानावळीत, गावचे प्रमुख आपले अल्काल्देसाहेब, त्यांच्या तोंडून. साहेब, नमस्कार.

तर तळघरात मी जबानी वाचून संपवली. डॉन कासिमिरो म्हणाले, "पंचनामा वाच. सगळा."

मी वाचत गेले. बंदूक एक. काडतुसाचं नळकांडं एक. पाण्याची बुधली एक. पिंजरा एक, आत जिवंत तितर, हिरव्या खोळीत, खोळीच्या नाड्या बांधलेल्या.

ते म्हणाले, "परत वाच."

"खोळीच्या नाड्या बांधलेल्या."

मी शिकाऱ्याची मुलगी आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. खोळ काढलीच नव्हती. तितर मुका होता. मग ते लपणात कशाची वाट बघत बसले होते?

डॉन कासिमिरोंनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली, शब्द लिहिला, आजीची जबानी लिहिली, तारीख लिहिली, आणि ती चिठ्ठी खणात न टाकता आतल्या खिशात ठेवली. तिथे ती आठ वर्षं होती. कोट बदलला की चिठ्ठी नव्या कोटाच्या खिशात जायची. मी रोज बघत होते. मला राग यायचा, हेही सांगते. ज्या बाईने खरं सांगून दात गमावले तिची साक्ष हा माणूस खिशात घेऊन हिंडतो, आणि आम्हाला मात्र चिठ्ठी वेळेवर खणात गेली नाही म्हणून झापतो! एकदा मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "त्या माणसाने मला पाठीवर घेऊन तीन कोस डॉक्टरकडे नेलंय, आसुन. मला अक्षर त्याने शिकवलं. तू लिहिशील का त्याच्या नावापुढे हा शब्द?"

मी परत तो विषय काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी एके दिवशी म्हणाले, "गाडी काढ." त्यांना गाडी चालवता येत नाही. मी त्यांना फ्वेंतेलोबाच्या वृद्धाश्रमात घेऊन गेले. ओनोरियोकाका तेव्हा पंच्याऐंशीचे. अंगणात अंजिराखाली बसून बदाम फोडत होते. पुतण्याला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आत्ताच मागे फिरावं.

"आलास का रे विद्वाना! वाळलास किती! ही बाई तुला जेवायला घालत नाही?"

"ही माझी सहकारी आहे, काका."

"सहकारी माणसं जेवत नाहीत का?"

डॉन कासिमिरो खुर्चीवर बसले. म्हणाले, "काका, एक विचारायला आलोय. त्या दिवशी खोळ का काढली नव्हती?"

हातोडी खाली आली ती बदामावर नाही, बोटावर. नखातून रक्त आलं. काकांनी बोट बघितलं, पण तोंडात घातलं नाही. तसंच टपकू दिलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली. गावात चाळीस शिकारी होते रे. एकानेही विचारलं नाही."

"आजीने सांगितलं होतं."

"तिनेच शिवली होती ती खोळ. तिला कळणार नाही तर कोणाला? मी घरून निघताना सगळं नीट ठरवलं होतं. पिंजरा घ्यायचा, लपणात बसायचं, तो येईल, चुकून झालं म्हणायचं. सगळं ठरवलं, आणि खोळ काढायचीच विसरलो. तितर मारायचाच नव्हता, मग हात तिकडे जाणार कसा?" हातोडी बाजूला ठेवली. "तुला का मारलं ते विचारायचं असेल."

"नाही. ते मला माहीत आहे."

आणि त्यांनी डाव्या कानाला हात लावला.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आदल्या दिवशी बाल्तासार कारास्कोसा यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात चुलीचा लोखंडी चिमटा घातला होता. पहिल्यांदा नव्हे. बायको आधीच अशीच गेली होती, डॉक्टरांनी ताप लिहिला. मुलाच्या कानातून रक्त आणि आणखी काहीतरी येत होतं. ओनोरियोंनी त्याला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं, परत आणून आजीच्या खाटेवर निजवलं, आणि सकाळी बंदूक घेतली.

काका म्हणाले, "त्याला मारल्याचं मला एक दिवस वाईट वाटलेलं नाही. देवापुढेही तेच सांगेन. पण तिला मी नऊ वर्षं दगड खाऊ दिले. ती पाण्याला जायची तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचो. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. मला वाटायचं, मी तुरुंगात गेलो तर याला कोण बघणार? तुझं नाव पुढे केलं मी, कासिमिरो. खरं म्हणजे भीती वाटत होती."

"काका, ती माझ्यासाठी गप्प राहिली असती तर..."

"ती गप्प राहणाऱ्यातली नव्हती. तिचे दोन्ही मुलगे एका सकाळी गेले, एकाला खड्ड्यात घातलं आणि दुसरा खोटं बोलला. तुझ्या त्या पुस्तकात ते सगळं लिहितात ना, कोण काय बोललं? लिही मग. माझं पण लिही. मी, ओनोरियो कारास्कोसा, त्याला आद्रेदेमेंते मारलं. बाई, तुम्ही लिहून घ्या, याच्याने नाही व्हायचं."

मी लिहून घेतलं. चिठ्ठीवर बदामाच्या टरफलाचा चुरा आणि रक्ताचा एक डाग आहे. कायद्याच्या दृष्टीने मुदत केव्हाच संपली होती. त्या चिठ्ठीने कोणालाही शिक्षा झाली नसती.

निघताना काकांनी सांगितलं की तो तितर पुढे सहा वर्षं जगला, आणि त्याच्यावर त्यांनी परत कधी खोळ घातली नाही. दिवसभर नुसता ओरडायचा, म्हणाले, शेजारी शिव्या घालायचे.

मग आमच्या मंडळाची बैठक. अध्यक्षाबाई, तुम्हाला आठवत असेल. दोन दाखले झाले होते, पण एका सदस्याने हरकत घेतली. नाव घेत नाही, ते पहिल्या रांगेत बसले आहेत. ते म्हणाले, "नियम दोन वेगळ्या घरांचा आहे. आई आणि मुलगा हे एकच घर झालं. दाखला एकच धरावा लागेल. क्रूस छापा."

नियम डॉन कासिमिरोंचा. मला वाटलं आता ते मान खाली घालतील. सुटका करून घ्यायला आयती वाट मिळाली होती. काकांचंही नाव वाचलं असतं.

ते उभे राहिले. म्हणाले, "त्या सकाळपासून ते दोघं एका घरात राहिले नाहीत. मी मोजून सांगतो, नऊ वर्षं, दोन महिने. घरं दोन होती."

आणि बसले. क्रूस नको म्हणून पहिला हात वर केला तो ज्यांनी हरकत घेतली त्यांनीच.

ओनोरियोकाका गेल्या वर्षी वारले. त्याआधी मी छापखान्यातला कच्चा कागद घेऊन गेले होते. डोळे गेले होते, मी वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "आईचं नाव आधी घातलंय ना? मग बरोबर आहे." मी तो उतारा तुमच्यापुढे वाचते. पान एकशे चार.

आद्रेदेमेंते. मुद्दाम, जाणूनबुजून, विशेषतः इजा किंवा मृत्यू घडवण्याबाबत. पहिली नोंद, फ्वेंतेलोबाच्या मेंढपाळांचे नियम. वापरात. "त्याने आद्रेदेमेंते मारलं. पिंजरा बघा." तोमासा, फ्वेंतेलोबा, १९४८. "मी त्याला आद्रेदेमेंते मारलं." ओनोरियो, तिचा मुलगा, फ्वेंतेलोबा, १९९६.

पुढे क्रूस नाही.

फ्वेंतेलोबाच्या मंडळींना एक सांगते. चौकात उद्या परत कोणी "काय तोमासा" म्हणालं, तर पान एकशे चार. एक प्रत आम्ही खानावळीला भेट देतो आहोत.

डॉन कासिमिरो, तुम्ही म्हणालात शब्दाबद्दल बोल, मी शब्दाबद्दलच बोलले. तुमच्याविषयी एवढंच बोलते की उद्यापासून तुमच्या उजव्या बाजूची माझी खुर्ची रिकामी राहील, आणि मला ते आवडणार नाही.

अध्यक्षाबाईंचे, पाहुण्यांचे, संयोजकांचे, ज्यांनी तार ओढून माईक इकडे आणला त्या भल्या माणसाचे, आणि एवढा वेळ न उठता ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. नावं घेताना, मान देताना काही राहून गेलं असेल, तोल सुटून एखादा शब्द जास्त गेला असेल, तर ते अनवधानाने झालं असं समजून मला क्षमा करावी.

तोमासाबद्दल जे बोलले ते मात्र अनवधानाने नव्हे. त्याची क्षमा मी मागत नाही.